कन्हानची रेती आणि मिशीवाले पाहुणे

सातव्या घमेल्यालाही पाणी गढूळच निघालं. शेजारी दुमजली घराचं बांधकाम चालू आहे. तिथल्या मिस्त्रींना विचारून दोन घमेली रेती गच्चीवर आणली होती आणि सकाळपासून ती धूत बसलो होतो. रेती कन्हानची. नागपुरात घर बांधायचं म्हटलं की कन्हानच्या रेतीचं नाव निघतंच. चहाच्या सुट्टीत मिस्त्री जिना चढून वर आले आणि माझा उद्योग पाहत उभे राहिले.

"काय करून राहिले भाऊ? फरशी बसवता का?"

"नाही मिस्त्री, मासोळ्यांसाठी रेती धुतोय."

"मासोळ्यांले कायले धुतलेली रेती पाहिजे? नदीत त्यायले कोन धुऊन देते?"

नदीत नदीच धुऊन देते, एवढं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. मिस्त्रींनी मात्र खाली जाऊन प्लास्टरची बारीक चाळणी आणून दिली. तिच्यातून रेती गाळली तेव्हा वर खडे, शिंपल्यांचे तुकडे आणि विटेची कपची राहिली. खाली उरली ती पिवळसर, गोल दाण्यांची, मधूनच अभ्रकाचा कण चमकावणारी रेती. बाराव्या घमेल्याला पाणी नितळ झालं.

ही खटपट ज्यांच्यासाठी चालली होती ते मासे बोटाच्या दोन पेरांएवढे आहेत. दुकानात त्यांना 'कोरी' म्हणतात, पूर्ण नाव कोरिडोरास. मांजरमाशांच्या मोठ्या खानदानातली ही धाकटी पाती, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तोंडाशी मिशांच्या जोड्या, पोट सपाट, आणि अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी, कौलं चढवल्यासारख्या. नावातही हे चिलखत आहे, कारण ग्रीकमध्ये 'कोरी' म्हणजे शिरस्त्राण आणि 'डोरा' म्हणजे कातडी. 1803 मध्ये लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे नाव दिलं. अलीकडे, 2024 मध्ये, शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुळाची वाटणी करून बऱ्याच जातींना वेगळी आडनावं दिली. दुकानांतल्या पाट्या अजून जुन्याच आहेत आणि मीही जुनंच नाव वापरणार आहे.

माझी पहिली टाकी सहा वर्षांपूर्वीची. तिच्यात निळे-गुलाबी रंगवलेले खडे होते. प्लास्टिकचा पाणबुड्या होता आणि बुडबुडे सोडत उघडझाप करणारी खजिन्याची पेटीही होती. पाहुण्यांची पोरं टाकीपुढून हलत नसत. तीन कोरी आणल्या. दुकानदारानं सांगितलं होतं, "हे सफाईवाले आहेत, खाली पडलेलं खातात, वेगळं काही घालू नका." तीन महिन्यांनी त्यांच्या मिशा झडून खुंट उरले. आधी एक गेली, मग दुसरी, आणि तिसरी पेटीमागे तोंड खुपसून बसून राहिली. खडे धारदार होते आणि खड्यांच्या फटींत सडलेलं खाद्य साचलं होतं. त्या घाणीत नाक घालून जगायला मी त्यांना लावलं होतं. दुकानदाराची चूक निम्मी धरली तरी उरलेली निम्मी माझी होती.

कोरीला रेतीत खाताना पाहिलं की हे सगळं आपोआप कळतं. ती तोंड रेतीत डोळ्यांपर्यंत खुपसते, मूठभर म्हणावी इतकी रेती तोंडात घेते, आत चाळते, आणि नको असलेले कण कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी बाहेर सोडते. कल्ल्यांखाली रेतीच्या दोन बारीक धारा दिसतात. मिस्त्रींची चाळणी आणि हिची चाळणी एकाच कामाची. मोठ्या खड्यांवर बिचारीला हे जमतच नाही. हातपाय बांधून पंगतीला बसवावं तशी तिची गत होते.

म्हणून या माशांची टाकी खालून वर सजवायची. आपण घर लावतो ते भिंतीकडे पाहत, समोरून येणाऱ्याला काय दिसेल याचा विचार करत. टाकीचंही तेच होतं. मागे निळ्या समुद्राचं चित्र चिकटवायचं, मध्ये किल्ला ठेवायचा, वर दिवा सोडायचा. कोरीचा संसार मात्र तळाच्या चार बोटांत असतो. उंच टाकी तिच्या काय कामाची? उलट तिला त्रासच, कारण ती मधूनच सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेऊन जाते. हवा ती आतड्याच्या मागच्या भागात शोषते. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर तगून राहायची ही तिची युक्ती. त्यामुळे टाकी लांब-रुंद हवी, उंची बेताची, आणि पाण्याचा पृष्ठभाग मोकळा.

दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत जेमतेम 57 लिटर पाणी मावतं. रेती आणि काच धरून वजन सत्तर किलोच्या घरात जातं, तेव्हा ती टीपॉयवर किंवा टीव्हीच्या कपाटावर ठेवायचं धाडस करू नये. खाली थर्माकोलचा ताव घालावा, म्हणजे काचेखालच्या उंचसखल जागेमुळे तडा जात नाही. जागा खिडकीच्या उन्हात नको, शेवाळ माजतं. वास्तुशास्त्रवाले ईशान्य कोपरा सांगतात. आमच्या घरी ईशान्येला नेमकी पूर्वेची खिडकी आहे, म्हणून वास्तुपुरुषाची माफी मागून टाकी नैर्ऋत्येला ठेवली.

रेती दीड इंच पुरे. जास्त जाड थर दिला तर खालची रेती कुजकट होते. दगड ठेवायचे असतील तर नागपूरकरांची चैन आहे, कारण शहराच्या पश्चिमेला काळा बसाल्ट आणि पूर्वेला जुना नीस खडक, दोन्ही घराजवळ मिळतात. पाण्यात काही न सोडणारा खडक हवा, म्हणून लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करेल. रामटेकजवळ मनसरकडे गेलात तर काळे, जड, चकाकणारे दगड मोहात पाडतात. ते मँगनीजचं खनिज असू शकतं, तिथे खाणीच आहेत. ते शोकेसमध्ये ठेवा, टाकीत नको. दगडांना धार असेल तर तेही नको. दोन दगडांवर तिसरा ठेवून केलेली छोटी गुहा या माशांना फार आवडते. दगड मात्र टाकीच्या काचेवरच बसवायचे आणि रेती मग त्यांच्याभोवती घालायची. रेतीवर ठेवलेला दगड कोरी खालून उकरते आणि तो एके दिवशी तिच्याच अंगावर येतो.

बाकी सजावटीला मला आता एकच वस्तू लागते, देशी बदामाचं पान. आमच्या गल्लीत तीन झाडं आहेत. हिवाळ्यात त्यांची पानं तांबडी-किरमिजी होऊन गळतात, सकाळी झाडूवाल्या बाई ढीग करतात. त्यांना सांगून ठेवलंय, त्या चांगली, अखंड पानं बाजूला काढतात. धुऊन, सावलीत वाळवून, एकेक पान टाकीत सोडायचं. दोन दिवस ते तरंगतं, मग तळाशी बसतं आणि पाण्याला फिक्कट चहाचा रंग देतं. पानातलं टॅनिन पाणी किंचित आम्ल करतं आणि बुरशीला आळा घालतं. पान कुजायला लागलं की त्याच्यावर सूक्ष्म जीव वाढतात, कोरी ते खरवडत बसतात. शेवटी शिरांची जाळी तेवढी उरते. आमच्या आईला हा रंग मुळीच पसंत नाही. "पाणी बदल रे, चहा झालाय," असं ती दर आठवड्याला सांगते.

वनस्पतींत व्हॅलिसनेरिया रेतीत छान धरते. लांब रिबिनीसारखी पानं, आणि आपल्याकडच्या तलावांत ती मुळातच आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजातल्या लोकांनी आणि तिथल्या अभ्यासकांनी अशा पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं, कारण त्यांच्याशिवाय देशी मासे परतत नाहीत हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तलावाचा तळ नीट केला की मासा येतो. तेच गणित दोन फुटांत.

आता पाणी. नागपूरच्या नळाला पेंच जलाशयाचं आणि कन्हान नदीचं पाणी येतं, अर्थात क्लोरिन घालून. क्लोरिन माशांचे कल्ले जाळतं. यावर उपाय माझ्या मामांच्या फोटो स्टुडिओत होता. अंधाऱ्या खोलीत ट्रेमध्ये 'हायपो' असायचं, फोटो पक्का करण्यासाठी. तेच सोडियम थायोसल्फेट आज मत्स्यालयाच्या दुकानात 'अँटीक्लोर' म्हणून पुडीत मिळतं. खडीसाखरेसारखे खडे, चिमूटभर पुरतं. स्टुडिओ बंद झाले, हायपो टिकलं.

क्लोरिन गेलं म्हणजे पाणी तयार झालं असं नाही. लोक इथेच घसरतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बेतात असेल तर चालतं. या जिवाणूंची वस्ती रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागायला रात्र लागते, इथे महिना लागतो. ओळखीच्या माणसाच्या चालू टाकीतला मळकट स्पंज मागून आणला आणि आपल्या फिल्टरमध्ये पिळला तर काम लवकर होतं. तेही विरजणच. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळायचा. मी पहिल्या वर्षी दर रविवारी तो साबण लावून धुवत होतो आणि मासे का मरतात म्हणून दुकानदाराशी भांडत होतो.

मासे येतात कुठून? ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यांत घालून, बहुतेक रेल्वेनं. कोलकात्याच्या बाजूचे आणि चेन्नईच्या कोलाथूरचे पैदासकार देशभर मासे पुरवतात. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्हीकडचा माल इथे उतरतो. आज दुकानात दिसणारी कोरी बहुधा अॅमेझॉन पाहिलेली नसते. ती सिमेंटच्या हौदात जन्मलेली असते. ते बरंच आहे, तिला आपलं जड पाणी चालतं. घेताना मिशा पाहायच्या, लांब आणि टोकदार हव्यात. पोट खोल गेलेलं नको. जाळी टाळावी, कारण पाठीवरचा आणि बाजूच्या परांचा काटा ताठ करून ती जाळीत अडकते. भांडं बुडवून उचलावी. आणि कमीत कमी सहा घ्याव्यात. एकटीदुकटी कोरी दिवसभर लपून बसते. सहा झाल्या की त्या शाळा सुटल्यासारख्या एकामागोमाग फिरतात, मधूनच थांबून डोळा फिरवतात. चक्क डोळा मारल्यासारखं दिसतं.

दुकानात डोक्यावर ठिपक्यांची नक्षी असलेली स्टर्बाय, तांबूस-हिरवट चमकीची ब्राँझ, काळ्या ठिपक्यांची पेपर्ड आणि पांडा एवढ्या हमखास मिळतात. पेपर्ड कोरी डार्विनच्या बीगल सफरीत जमा झाली होती. लेनर्ड जेनिन्सनं 1842 मध्ये तिचं वर्णन केलं. इतिहास मोठा, पण नागपूरकरांनी तिच्या वाटेला जाऊ नये. पेपर्ड आणि पांडा यांना थंड पाणी लागतं. स्टर्बाय 28 अंशांच्या आसपासही खुशाल राहते. आपल्या गावात या एका गोष्टीवर सगळं ठरतं.

23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. 29 डिसेंबर 2018 रोजी तो 3.5 अंशांवर उतरला. हिवाळ्याचं सोपं आहे, हीटर लावला की भागतं. उन्हाळा मात्र परीक्षा पाहतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. एप्रिलच्या दुपारी कोरी वर-खाली येरझाऱ्या घालू लागल्या की समजायचं, श्वास पुरत नाही.

बाहेरगावची मंडळी चिलर सांगतात, जो टाकीपेक्षा महाग असतो. मी टाकीचं झाकण काढून जाळी ठेवली आणि पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा लहान पंखा बसवला. पाण्याची वाफ झाली की पाणी गार होतं. हा नागपूरकरांचा घरचा शोध म्हणावा इतका परिचित धडा आहे. वाळ्याच्या ताट्यांपासून गॅलरीतल्या कूलरपर्यंत आपण याच तत्त्वावर मे महिना काढतो. हवा जितकी कोरडी तितका परिणाम चांगला. आमच्याकडे एवढ्यानं दोन-तीन अंश उतरतात. पाणी भराभर आटतं, ते भरताना आरओचं पाणी घालायचं. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. नळाचं पाणी भरत राहिलात तर जूनपर्यंत टाकीचा खारा हौद होतो.

मग जूनमध्ये हवा दमट होते, कूलर चिकट वारा टाकू लागतो, आणि टाकीवरचा पंखाही तितकाच निरुपयोगी होतो. ते आठ-दहा दिवस सगळ्यात वाईट. बर्फाच्या बाटल्या तरंगवायच्या, पण हळूहळू, कारण पाणी एकदम गार झालं तर मासे दचकतात. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री चार तास वीज नव्हती. मी स्टीलच्या पेल्यानं टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत ओतत बसलो होतो. घरात सगळे जागे होते, पण मासे जागवायला मी एकटाच.

आणि मग मृगाचा पाऊस पडतो. त्या वेळी थोडं गार पाणी घालून टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदललं की कोरींना पावसाळा लागल्याचं समजतं. अॅमेझॉनकडे पूर येतो तेव्हा पाणी असंच गार आणि मऊ होतं. मागच्या वर्षी जूनच्या अखेरीस पहाटे दिवा लावला तर नर मादीमागे काचेवरून धावत होते. मग मादीनं नराच्या पोटाशी तोंड लावलं, दोघं इंग्रजी 'टी' अक्षरासारखी थबकली. जपानी संशोधकांनी 1995 मध्ये ब्राँझ कोरीवर प्रयोग करून दाखवलं की मादी नराचं वीर्य चक्क पिते, ते आतड्यातून वेगानं पुढे जातं आणि पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर येतं. पुराणातली पायसाची गोष्ट आठवते. अंडी काचेला चिकटवली होती, साबुदाण्याच्या लहान दाण्यासारखी. ती अलगद सोलून बदामाचं पान टाकलेल्या डब्यात ठेवली. चौथ्या दिवशी पापणीच्या केसाएवढी पिलं हलू लागली. एकोणीस अंड्यांतली सात वाचली.

दिवाळीच्या तोंडावर एक सांगायलाच हवं. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. घरात ऑइलपेंट चालू असेल, डासांची अगरबत्ती पेटली असेल, गॅलरीत फटाके वाजत असतील, तर तो सगळा धूर बुडबुड्यांबरोबर पाण्यात जातो. रंगकामाच्या चार दिवसांत पंप दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी लांब घ्या, टाकीवर ओलं फडकं टाका.

परदेशी माशांचं इतकं कौतुक करताना मला नेहमी थोडी खंत वाटते. आपल्याकडचे लहान मांजरमासे काही कमी नाहीत. मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी विल्यम सायक्स यानं 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली आणि कोळ्यांच्या तोंडची मराठी नावंच शास्त्रीय नावांत घातली. 'शिंगटी'वरून सीनग्टी, तशीच इचकीआ, गोगरा आणि ताकरी. मराठी बोली अशी प्राणिशास्त्राच्या ग्रंथात जाऊन बसली. शिंगटीचा संसार टाकीत जमतो, पण रात्री ती बारक्या माशांना गिळते. बंगाल-आसामकडचा तीन सेंटिमीटरचा हारा जर्डोनी मात्र अगदी शांत जीव आहे. तो परदेशांतल्या शौकिनांच्या टाक्यांत दिसतो, माझ्या ओळखीच्या दुकानांत मला एकदाही दिसला नाही.

मांजरमाशांतलाच आणखी एक आपल्याकडे भरपूर विकला जातो, तो म्हणजे 'सकर'. दुकानात दोन इंचांचा, काचेला चिकटून शेवाळ खाणारा. लोक सफाईवाला म्हणून घेतात. तो फूट-दीड फूट वाढतो. मग टाकी पुरत नाही, मारवत नाही, आणि पिशवीत घालून तलावात सोडला जातो. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. या माशाचं चिलखत कोरीपेक्षा कडक, काटे जाळी फाडतात, काठाच्या मातीत तो बिळं करतो, आणि त्याला खायला फारसं कोणी धजावत नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत, आंध्रात, केरळात तो पसरला आहे. उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येत असल्याच्या बातम्या आल्या आहेत.

तेव्हा टाकी मोडायची वेळ आली, बदली झाली, कंटाळा आला, तर मासे दुकानात परत द्या, ओळखीच्या शौकिनाला द्या, शाळेच्या टाकीला विचारा. अंबाझरीत, फुटाळ्यात, सोनेगावच्या तलावात सोडू नका. अंबाझरी भरला की त्याचं पाणी सांडव्यावरून नाग नदीत उतरतं. सप्टेंबर 2023 च्या पुरात ते किती वेगानं उतरतं हे सगळ्या शहरानं पाहिलं. ती नाग पुढे जाऊन कन्हानलाच मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं.